पाठमोरा पहारेकरी

कादंबरीत चित्रं असू नयेत, असं माझं ठाम मत होतं. जन्मभर पनवेलच्या एका मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे चित्रांचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे. पोरं धडा सोडून राजाला मिशा काढत बसतात. पोरांचं एक वेळ सोडा, पण बाप्यामाणसाला वाचताना कशाला हवीत चित्रं? डोकं दिलंय ना देवाने, की टोपी घालायलाच आहे ते?

आमच्या घरात हा वाद जुना. आमचे हे अद्भुत कादंबऱ्यांचे वेडे. दिवसभर कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसायचं, ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायची, आणि घरी आलं की बोलणारे घोडे, उडते किल्ले आणि शापित राजे. मी म्हणायचे, "अहो, मुलीचं लग्न झालं, आता तरी थापा वाचणं सोडा." ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुम्ही रोज सकाळी पेपर वाचता, त्याच्यापेक्षा कमीच थापा आहेत यात." कप्पाळ माझं!

त्यातली एक कादंबरी त्यांच्या फार लाडाची. जाडजूड मराठी कादंबरी, पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेली, चहाचे डाग पडलेली. एका तळ्याच्या तळाशी बुडालेलं शहर आहे. नावाड्याची मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधायला पाण्याखाली उतरते. त्या शहराच्या वेशीवर एक पहारेकरी बसलेला असतो, आणि त्याच्या समोरून गेल्याशिवाय आत जाता येत नाही. हा पहारेकरी दिसतो कसा, हे लेखकाने अख्ख्या पुस्तकात कुठेही सांगितलेलं नाही. त्याचा श्वास ऐकू येतो, ओल्या दगडाचा वास येतो, बस. हे म्हणायचे, "एवढी एकच गोष्ट लपवून ठेवलीय बघ माणसाने." मी ती कादंबरी कधी हातात धरली नव्हती.

एक दिवस सकाळी ते गॅलरीत तेच पुस्तक घेऊन बसले होते. मी आत पोळ्या लाटत होते. ते म्हणाले, "अगं, पानाचा कोपरा काळा झालाय."

मी आतूनच म्हटलं, "तेलकट हातांनी वाचता, होणारच."

थोड्या वेळाने परत म्हणाले, "पान नाही गं. पान उलटलं तरी कोपरा काळाच आहे." आवाज अगदी साधा होता, म्हणून माझं लाटणं थांबलं नाही. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कुणीतरी बाजूने पडदा ओढतंय बघ." तेव्हा मात्र माझं लाटणं थांबलं, कारण त्यांना बघायला तो एकच डोळा होता. डावा डोळा लहानपणी गावात विटी लागून गेला होता. उरणच्या बाजूचं त्यांचं गाव, मिठागरांवर राबणारं घर. आई लवकर गेलेली. तो फुटलेला डोळा पदराने झाकून त्यांना मुंबईच्या दवाखान्यात घेऊन गेली ती त्यांची थोरली बहीण, आमची आक्का. तिनेच त्यांना वाढवलं. डावा डोळा वाचला नाही, आणि आता उजव्याची ही गत.

डॉक्टर भला माणूस. त्याने कागदावर डोळा काढून दाखवला. मधुमेहामुळे आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन करून पडदा जागेवर बसवायचा, आत गॅसचा फुगा सोडायचा, आणि मग पेशंटने तोंड खाली करून पडून राहायचं. फुगा वर चढणार, आणि पालथं झोपलं की वर म्हणजे डोळ्याची मागची बाजू, जिथे पडदा. आपण भिंतीवर कागद चिकटवला की तो सुकेपर्यंत वरून तळहात दाबून धरतो ना, तसं. जेवताना, झोपताना, बसताना, तोंड जमिनीकडेच. "आणि नजर?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पडदा बसणं वेगळं आणि नजर येणं वेगळं. आधी पडदा बसू दे." हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

ऑपरेशन झालं आणि आम्ही रोडपालीच्या आमच्या फ्लॅटवर परत आलो. पलंगाच्या टोकाला शाळेतलं जुनं स्टूल लावलं, त्यावर उश्या रचल्या, मधे फट ठेवली, आणि त्या फटीत कपाळ टेकवून हे पालथे पडले. त्यांना दिसत काही नव्हतंच. पाण्याखालून बघावं तसं धुरकट, एवढंच. मी खाली फरशीवर चटई टाकून बसायचे. पेल्यात स्ट्रॉ घालून खालून चहा पाजायचा. पाठीला रग लागली की बाम चोळायचा. मोठा गमत्या माणूस, पण तिसऱ्या चहाच्या वेळी स्ट्रॉ तोंडात धरून गप्पच पडून राहिला. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाले, "फरशीच्या किती भेगा मोजायच्या, आणि त्या दिसतायत कुठे?"

म्हणून मी ती कादंबरी काढली. म्हटलं, चला, आता तुमच्या थापा मोठ्याने वाचते.

आता वाचलीच आहे तर मत सांगते, कारण मत नसलेली बाई मी नाही. सुरुवात फार चांगली. नावाड्याचं घर, ओल्या दोरांचा वास, भाऊ परत आला नाही त्या दिवशी घरात चूल पेटत नाही ते, हे सगळं अगदी आपल्या खाडीकाठच्या घरातलं वाटतं. मधे मात्र लेखकाला आवरत नाही. एक राजा झाला की दुसरा राजा, त्याची वंशावळ, प्रत्येकाचं नाव असं की जिभेला गाठ पडावी. मी दोन राजे वगळले, तर उश्यांतून लगेच आवाज: "मास्तरीणबाई, एक राजा गिळलात." पाठ होती त्यांना! पण मुलगी वेशीपाशी पोचते तो भाग... तिथे मी घाबरले. खरंच घाबरले. दुपारची वेळ, डोळ्याला उजेड नको म्हणून पडदे ओढलेले, खाली रस्त्यावरून ट्रेलर जातायत, आणि मी वाचतेय की अंधारात कुणीतरी बसलंय, त्याचा श्वास ऐकू येतोय, आणि ते उठेल की नाही हे मुलीला माहीत नाही. मला त्या पहारेकऱ्याचं भय होतं की यांच्या डोळ्याचं, ते वेगळं करता येईना. मी चष्मा काढून पुसत बसले.

"घाबरलीस ना?" ते म्हणाले.

"कसली घाबरते? घसा सुकला."

"मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवा लावून बसलो होतो," ते म्हणाले. "आता दिवा लावून काय उपयोग."

असं काही बोलले की मला राग यायचा. राग म्हणजे भीतीच, पण मला तिचं तेच रूप जमतं. मी म्हटलं, "अभद्र बोलू नका," आणि पुढचा राजा अख्खा वाचून दाखवला.

त्याच आठवड्यात आमच्या मुलीचा पुण्याहून फोन आला. तिने सांगितलं की बाबांच्या त्या कादंबरीची सचित्र आवृत्ती निघालीय, मोठ्या आकारात, रंगीत. पाठवू का? मी म्हटलं, मुळीच नको. त्या पुस्तकात जी एक गोष्ट चांगली आहे तीच चित्र काढून घालवतील. न दिसणारा पहारेकरी दाखवणार कसा? आणि दाखवला तर मग राहिलं काय? फोन स्पीकरवर होता. मी माझं भाषण पुरं केलं आणि मग पलंगावरून आवाज आला, "पाठव गं."

मी म्हटलं, "अहो, पण..."

"तुला दिसतंय ना, म्हणून तुला चित्रं नकोत," ते म्हणाले. "मला बघायचंय. डोळा बरा झाला तर पहिलं ते पुस्तक बघणार मी."

मी स्वयंपाकघरात गेले, मिक्सर लावला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. भांड्यात काही नव्हतं, नुसता फिरवत होते.

पुस्तक आलं त्या दिवशी सकाळपासून यांची मान आखडली होती. कुरिअरवाल्याने गेटवरून फोन केला, वर यायला तयार नाही म्हणे. मी यांना बजावलं, "हलायचं नाही. आले मी." खाली उतरले तर गेटवर रिक्षातून आक्का उतरत होती. एकटीच आली होती गावाहून, काखेत पिशवी, पदराच्या टोकाला गाठ मारलेली. म्हणाली, "बाला कसा हाय माजा?" साठी ओलांडलेला भाऊ अजून तिचा बाळच. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही व्हा वर, दार लोटलेलं आहे. मी सही करून येतेच."

सही केली आणि तिथेच, वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभी राहून मी ते खोकं फोडलं. हावरटच मी. पुस्तक जड, गुळगुळीत कागदाचं, मधे लाल रेशमी फीत. उघडलं आणि माझं डोकं फिरलं. नावाड्याची मुलगी गोरीपान, साबणाच्या जाहिरातीतली. बुडालेलं शहर म्हणजे खारघरचे टॉवर, वर घुमट लावलेले. आणि तो पहारेकरी! दोन शिंगं, बाहेर आलेले सुळे, लालभडक डोळे, आणि पानभर तोंड पसरून आपल्याकडे बघतोय. गणपतीच्या देखाव्यातला असुर बरा याच्यापेक्षा. त्याला बघून माझ्या शाळेतलं बालवाडीतलं पोरही घाबरलं नसतं. "मेल्याने वाटोळं केलं," असं पुटपुटत मी लिफ्टमधून वर आले.

दार उघडलं आणि जे बघितलं ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही. हे उताणे पडले होते. तोंड छताकडे, डोळे मिटलेले. आक्का पलंगावर बसून एका हाताने त्यांचं डोकं धरून दुसऱ्या हाताने कपाळावर गावदेवीचा अंगारा लावत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. पदराच्या गाठीत तो अंगाराच होता.

मी किंचाळले. काय बोलले ते नीट आठवत नाही. "आक्का! काय केलंत हे! पालथे व्हा, अहो, आधी पालथे व्हा!" पुस्तक हातातून खाली पडलं. मी त्यांना खांद्याला धरून उलटं केलं, कपाळ उश्यांच्या फटीत दाबलं, अंगारा उशीवर सगळीकडे सांडला.

"अगो, पन पालथा मानूस बरा दिसत नाय," आक्का म्हणाली. ती उठून भिंतीला लागून उभी राहिली होती. "मेल्या मानसावानी पडला व्हता. पालथ्याच्या कपाळाला अंगारा कसा लावायचा? देवी रुसंल ना."

तिचंही बरोबरच होतं. त्यांच्या गावात पालथं झोपलेल्या पोराला चापट मारून उताणं करतात. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. आणि हे? डॉक्टरने इतकं समजावलेलं, मी रोज ओरडतेय, तरी बहिणीने "उलटा व्ह रं बाला" म्हटल्यावर हे लहान मुलासारखे उलटे झाले. मी विचारलं, "तुम्हाला कळत नव्हतं?" तर उशीतून आवाज आला, "तिला नाय कसं म्हनायचं?" आक्का समोर असली की त्यांच्या तोंडात आपोआप गावची बोली यायची.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमधे होते. तिथल्या बाईने विचारलं, किती वेळ उताणे होते? आता मी काय सांगणार? मी खाली राक्षसाचं तोंड बघत उभी होते. आक्काला विचारलं तर ती म्हणाली, "आरतीयेवढा टायम." फोनवरच्या बाईला मी म्हटलं, "पाचेक मिनिटं." ती म्हणाली, घाबरू नका, आता पालथंच ठेवा, दुखलं किंवा परत पडदा दिसला तर लगेच या, नाहीतर उद्या सकाळी दाखवायला घेऊन या.

घाबरू नका म्हणे. कुणाला सांगतेस बाई!

आक्काला हळूहळू उमगत गेलं. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा कुठे लपतो? ती पलंगापाशी आली, वाकून भावाच्या कानाशी म्हणाली, "मी तुजा डोला घालवला का रं?"

"नाय गो आक्का. कायतरीच काय."

"खरा सांग."

"काय नाय झाला. तू चा पी."

चहा तिने घेतला नाही. पिशवीतून आमच्यासाठी आणलेलं सुकट काढून ओट्यावर ठेवलं आणि निघाली. मी थांबा म्हणायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या डोळ्यात अडकलेलं. गॅलरीतून बघितलं तर ती भर उन्हात गावाच्या वाटेकडे, पळस्प्याच्या बाजूला तोंड करून रिक्षाची वाट बघत उभी होती, आणि पदराचं ते रिकामं टोक हातात चुरगाळत होती.

संध्याकाळ व्हायला लागली. मी दर थोड्या वेळाने विचारत होते, "दुखतंय का? पडदा दिसतोय का?" शेवटी ते वैतागले. "सारखं सारखं विचारू नकोस. तू विचारलंस की मला दिसायला लागतो." मग म्हणाले, "पुस्तक आलं ना? वाच. नवीन वाच. चित्रं कशी आहेत ते सांग."

मी फरशीवर बसले. मजकूर तोच, तो वाचत गेले. चित्रं आली की थांबून सांगायची. नावाड्याची मुलगी आली. मी तिला सावळी केली, तिच्या पायाला चिखल लावला, वेणी अर्धी सुटलेली सांगितली. शहराचे टॉवर काढून टाकले आणि तिथे कौलारू घरं बसवली, कौलांवर शेवाळ. मला त्यात काही गैर वाटलं नाही. चित्रकाराने माती खाल्ली होती, मी ती निस्तरत होते. हे ऐकत होते आणि मधूनच "हं... हं" करत होते. तेवढ्यापुरती भीती थोडी बाजूला सरली.

मग तो आला. लाल डोळ्यांचा, शिंगांचा, पानभर. मी त्याच्याकडे बघत बसले.

"सांग ना," ते म्हणाले. "पहारेकरी आला ना? कसा काढलाय?"

मी म्हटलं, "पाठमोरा बसलाय."

"पाठमोरा?"

"हो. तोंड दिसतच नाही. खूप मोठा आहे, वेशीच्या कमानीएवढा. वाकून बसलाय, हात गुडघ्यांवर. केस ओले आहेत, पार जमिनीला टेकलेत. खांद्यावर एक छोटा मासा बसलाय."

मासा कुठून आला मलाच माहीत नाही. तोंडातून गेला. ते म्हणाले, "वा. असाच हवा होता. बघ, तू उगाच शिव्या घालत होतीस. किती समजदार चित्रकार आहे." मला हसू आलं आणि थोडा रागही आला, की माझं श्रेय तो शिंगवाला घेऊन गेला. त्या पानावर मी लाल फीत घातली आणि पुस्तक मिटलं. पुढची चित्रं मग सांगायची राहूनच गेली. त्या रात्री मी कशी झोपले ते विचारू नका.

सकाळी डॉक्टरने तपासलं. मी दाराशी उभी, पदर तोंडात. डॉक्टर म्हणाले, "पडदा बसलाय. छान बसलाय." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पाच-दहा मिनिटांनी काही होत नाही हो." मी तिथेच बाकावर बसले. "मग नजर?" "गॅस विरघळू दे. फुग्याची रेषा खाली खाली सरकेल, तसं वरून दिसायला लागेल. किती येईल ते तेव्हाच कळेल. आतलं नुकसान आधीचंही असतं." परत तोच खिळा.

मी आक्काला लगेच फोन केला. "आक्का, डॉक्टर म्हणाले तुमच्यामुळे काही झालेलं नाही." ती म्हणाली, "बरा झाला," पण तिच्या आवाजात विश्वास नव्हता. तिच्या सुनेने नंतर मला सांगितलं की म्हातारी अन्न टाकून बसलीय, दोन घास खाते आणि ताट सारते, म्हणते एक डोला गेला तवा मी व्हते, दुसरा मी घालवला. मी यांना ते सांगितलं. सांगायला नको होतं की सांगायलाच हवं होतं, अजून ठरत नाही.

मग पालथं झोपणं संपलं. हे बसायला लागले, हळूहळू फिरायला लागले. मी रोज विचारायचे, रेषा कुठे आहे? ते हाताने दाखवायचे, इथे. मग थोडी खाली. मग अजून खाली. "वरचं दिसतं?" "दिसतं की. थोडं हलतं, पण दिसतं." गॅलरीत बसून म्हणायचे, "आज आभाळ आलंय." आभाळ आलेलंच असायचं. चहाचा पेला बरोबर उचलायचे. माझी भीती इंचाइंचाने उतरत होती. एकदाच दाराच्या चौकटीला खांदा लागला त्यांचा, तर म्हणाले, "अजून सवय नाही गं." मला ते पटलं. पटवून घ्यायचं असलं की माणसाला काहीही पटतं.

पुढची तपासणी सोमवारी होती. रविवारी सकाळी ते म्हणाले, "आक्काला बोलाव. मला दिसतंय ते तिला बघू दे, म्हणजे जेवेल तरी."

आक्का आली. केवढीशी झाली होती! हनुवटी वर आलेली, बांगड्या मनगटावरून घसरत होत्या. दारात उभी राहून भावाकडे बघत होती, जवळ यायला धजत नव्हती. "ये गो आक्का, बस हितं समोर," हे म्हणाले, आणि मला म्हणाले, "ते पुस्तक दे." मी दिलं. आनंदाने दिलं! डोळा बरा झाल्यावर पहिलं ते बघणार, असं म्हणाले होते ना? मनात म्हटलं, आता हे शिंगं बघणार आणि माझी चोरी पकडली जाणार. मी खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, हसू दाबत.

त्यांनी बोटांनी फीत शोधली आणि पान उघडलं. आक्काकडे पुस्तकाची पाठ होती. पान माझ्यासमोर आणि त्यांच्यासमोर. खिडकीतून लख्ख ऊन त्या गुळगुळीत कागदावर पडलं होतं आणि तो लाल डोळ्यांचा राक्षस एका वितीवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

"बग आक्का," हे म्हणाले, "सगला दिसते मना. ह्यो पहारेकरी हाय. पाठमोरा बसलाय. हात गुडघ्यांवर. केस वले हायेत, जमिनीला टेकलेत." मग पानावर बोट ठेवून, अगदी राक्षसाच्या सुळ्यावर, म्हणाले, "आनी हितं खांद्यावर बग, मासा हाय. बारकासा."

मी खुर्चीची पाठ धरली. आभाळ, चहाचा पेला, रेषा इथे, रेषा तिथे... सगळं माझ्या डोक्यात एकावर एक कोसळत होतं. आक्काने दोन्ही हात जोडले आणि रडायला लागली. "आय माजी पावली गो," ती म्हणत होती, "आय माजी पावली." मग डोळे पुसून तिने माझ्याकडे बघितलं. "खरा ना गो? मासा हाय?"

"आहे आक्का," मी म्हटलं. "बारीकसा."

यांची मान किंचित ताठ झाली. माझा आवाज फाटला होता, तो त्यांनी ऐकला. इतक्या वर्षांचा संसार, त्यांना काय कळायचं ते कळलं.

आक्काला आता हुरूप आला होता. खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "फुडचा पान काड. फुडं काय हाय ते सांग."

त्यांनी पान उलटलं. पुढचं चित्र मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ते पानाकडे बघत राहिले. बोट कागदावर इकडून तिकडे फिरलं आणि थांबलं. आक्का तोंड उघडं टाकून वाट बघत होती.

मी मागून वाकले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अय्या, हे बघितलंच नव्हतं मी," मी मोठ्याने म्हटलं. "ती मुलगी पायऱ्या उतरतेय. एकटीच आहे. खाली काळं पाणी आहे आणि तिने भिंतीला हात धरलाय."

"हो," ते म्हणाले. "पायऱ्या उतरतेय गो आक्का. भिंतीला हात धरलाय."